उंबरावरचं जाळं

मु. उंबरडोह, कयाधूकाठ, तालुका कळमनुरी
कार्तिक महिना, सन १९३८

संतराम,

पत्र लिवून देणारे सोनाजीकाका म्हणतात, आधी 'चिरंजीव' लिवावं, मग 'अनेक आशीर्वाद' लिवावेत, तशी रीत हाय. म्या म्हणलं, रीत राहू द्या, नुसतं नाव लिवा. ज्या भावानं सहा म्हैने पत्ता कळवला न्हाई त्याला कशाचे आशीर्वाद? तुझं कार्ड आलं. 'मी बरा आहे. मायला सांगावे.' एवढंच. लेका, कार्डावर जागा बक्कळ होती की! तू कोण्या रेवदंडा नावाच्या गावी, समुद्राच्या खाडीत, कोण्या कोळणीच्या हाताखाली कालवं फोडून राहिलास, हे आमाला पोस्टाच्या शिक्क्यावरून आणि तिकडं जाऊन आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून कळावं व्हय?

मायला सांगितलं. तिनं कार्ड घेतलं, हुंगलं आणि लुगड्याच्या ओच्यात ठेवलं.

तू काय करून ठेवलंस ते इसरला असशील, म्हणून पुन्हा सांगते. काका बी ऐकू देत, ते पंच हायेत. बानं बारा वर्सं खपून डोहाच्या तोंडाशी वाळूत शिंपले रुजवले होते. पूर्णेवरून हट्ट्याकडून डोक्यावर ओल्या गोणपाटात आणले, एकेक हातानं उभा रोवला. लोक हसले, म्हणले भोयानं मासे धरावेत, हा शिंपल्याची शेती करून राहिला. पण आषाढ-श्रावणात मासा अंडी घालतो तवा जाळी बंद असतात, आणि त्या दोन म्हैन्यांत आपली बारा घरं कशावर जगली? बाच्या शिंपल्यावर. माणसागणिक ओंजळभर, कुणाला न्हाई म्हणलं न्हाई बानं. आणि टरफलांचा चुना तर कळमनुरीत अमीरबी तांबोळणीच्या पानाच्या दुकानात असा काही खपायचा की ती म्हणायची, ह्यानं जीभ भाजत न्हाई.

ते सगळं वैशाखात चार दिवसांत मेलं. हिंगणबेटाच्या फळाचा गर पाण्यात गेला. मासा त्यानं नुसता झिंगतो, ताजं पाणी लागलं की उठून पळतो, हे आपल्या लेकराला बी ठावं हाय. शिंपला उठत न्हाई हे कुणालाच ठावं नव्हतं, कारण बाच्या आधी कुणी शिंपला पाळलाच नव्हता. चौथ्या दिवशी सगळ्या शिंपल्यांनी तोंडं वासली. वास तर असा सुटला की गुरं डोहावर येईनात.

पंच बसले. हिंगणबेटाच्या बिया आणि फोलं तुझ्या टोपलीत निघाली. काकांनी इचारलं, टोपली कुणाची? तू म्हणलास, माझी. इचारलं, टाकलं कुणी? तू म्हणलास, म्या. मग म्या उठून तुझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांच्या देखत मारली. अजून हात हुळहुळतो.

आता आपली रीत. डोह नासवणाऱ्याचं जाळं काठच्या उंबरावर टांगलं, आणि तुझा पाय डोहाच्या शिवेत पडायचा न्हाई असं ठरलं. जोवर जाळं झाडावर हाय तोवर नाव डोहावर. पंचांनी बोलावलं तर माघारी येता येतं. जाळं कुजून भुईला लागलं की नाव गेलं, मग हिस्सा न्हाई, मढ्याला खांदा बी न्हाई. तुझं जाळं अजून टांगलेलं हाय. या पावसाळ्यात तसं काही झालं न्हाई त्याला.

मेलेल्या शिंपल्यांचा चुना भाजला. लई पांढरा निघाला. अमीरबीनं तारीफ केली तवा म्या पैसे न मोजताच टोपली उचलली.

नीट खात जा. खाऱ्या पाण्यानं हात चिरतात म्हणे, तेल लाव.

तुझी बहीण
धुरपता


मु. उंबरडोह
फाल्गुन, सन १९४०

संतराम,

तुझं पुडकं पोचलं. नांदेडहून येणाऱ्या गाडीवानानं आणून दिलं. मला वाटलं लुगडं असंल, उकलून बघते तर आत एक कालवाचं टरफल! चिठ्ठी न्हाई, काही न्हाई. बाहेरून खडबडीत, दगडाला चिकटलेलं उपटल्यासारखं, आत मात्र पांढरं गुळगुळीत. आठ दिवस म्या इचार केला, ह्यानं हे काहून पाठवलं असंल? मला टोमणा मारून राहिला का? मग माय म्हणली, येडे, त्याला दाखवायचं असंल, तिकडलं कसं असतं ते. बस, एवढंच. तिनं ते देवळीत ठेवलं. रोज पुसते.

काका म्हणतात, कालवं दगडाला चिकटून जन्म काढतं, आपला शिंपला वाळूत पाय टाकून चालतो. तू तिकडं चिकटलास का रे?

इकडलं सांगते. म्या पंचांपुढं हात जोडले आणि शिंपल्याची जागा पुन्हा मांडायची परवानगी मागितली. हट्ट्याला गेले. रूपसिंगची बैलगाडी कुरुंद्यापर्यंत मिळाली, पुढं पायी. दोन गोणपाटं भरून आणले. बासारखेच रोवले, तोंड धारेकडं, अंगठाभर अंतर सोडून. निम्मे मेले. निम्मे राहिले. त्यांच्यावर आषाढात कुणाला जाळं टाकू देत न्हाई म्या, बा म्हणायचा शिंपल्याचं पिलू माशाच्या अंगावर बसून वाढतं, मासा गेला की ते बी गेलं. धोंड्यानं डोकं फोडीन म्हणून सांगितलंय सगळ्यांना. लोक मला भितात. रांडाव बाई माहेरी येऊन डोहाची पाटलीण झाली म्हणतात. म्हणू देत बापा.

बाजार मीच करते. मंगळवारी मासळी घेऊन कळमनुरीला जाते, शेरडं-कोंबड्यांच्या कडेला बसते, दुपारपर्यंत टोपली रिकामी. चुना अमीरबीला. तिचा नवरा चाँद पाशा आधी मदरशात, म्हंजे निजामाच्या सरकारी शाळेत, मराठी शिकवायचा, आता दुकानात बसतो, त्यानं तुझी चौकशी केली. म्या म्हणलं, हाय, बरा हाय.

परवा बाभळीची साल काढायला गेले होते, काटा पायात मोडला. काका इचारून राहिले साल कशाला. जाळ्याला रंग द्यायला, दुसरं कशाला? घरात जाळी काय कमी हायेत?

मायला डोळ्यानं कमी दिसतं. उंबराखाली जाऊन बसते, आणि जाळं वाऱ्यानं हललं की म्हणते, संतू आला का?

तुला यायचं असंल तर पंचांना अर्ज कर. म्हण, चूक झाली. का न्हाई करत? तू अर्ज केलास तर म्या त्यांच्या पाया पडीन.

धुरपता


मु. उंबरडोह
पौष, सन १९४४

संतराम,

माय गेली. आज पाचवा दिवस.

काका, नुसतं एवढंच लिवून पाठवा म्हणले होते मी, पण आता बोलते थोडं.

तीन दिवस श्वास अडकून होता. सारखी दाराकडं बघायची. पहिल्या दिवशी मला म्हणली, धुरपे, त्याला बोलीव. म्या म्हणलं, माय, मी कोण बोलावणारी, पंचांनी बोलवायला पाहिजे. ती म्हणली, तू बोलीव, तू बोललीस की येतो. तीनदा म्हणली. तिसऱ्यांदा म्या चूल फुंकत बसले.

शेवटच्या दिवशी पाणी मागितलं. दोन घोट गेले. मग म्हणली, चुलीमागचं उखळ टाकून दे. काहून ते सांगितलं न्हाई. आपलं ते बाच्या येळचं दगडी उखळ रे, म्या तर ते कवाच वापरत न्हाई आता. मिरची बी पाट्यावर वाटते.

खांदा सोनाजीकाकांनी आणि शेजारच्या नेमसिंगनं दिला. पुढची जागा तुझी होती.

तुझं कालवाचं टरफल तिच्या हातात ठेवलं होतं. मग जाळताना काढून घेतलं. का काढलं कुणास ठाऊक. माझ्यापाशी हाय.

संतू, वैशाखातल्या त्या दिवशी तू कुरुंद्याला लग्नाला गेला होतास, आणि

न्हाई. हे नका लिवू काका. काय, लिवलं? मग राहू द्या, खोडू नका, कागद घाण दिसंल. पुढचं लिवू नका म्हणजे झालं.

जाळं हाय झाडावर. त्याची काळजी करू नको.

धुरपता


मु. उंबरडोह
आश्विन, सन १९४८

संतू,

हे अक्षर काकांचं न्हाई, बघितलंस ना? हे चाँद पाशाचं अक्षर हाय, अमीरबीच्या नवऱ्याचं. चार वर्सं म्या तुला पत्र धाडलं न्हाई. तुझी पाच कार्डं आली, सगळी 'मी बरा आहे' वाली. आता सांगते.

गेली दीड-दोन वर्सं आमी रझाकारांच्या भ्यानं नदीच्या झाडीत झोपलो. पोरीबाळींना पैनगंगेपल्याड उमरखेडाकडं पोचवलं, बारा घरांतली सहा कुलपात होती. मग भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज संपलं. ढोल वाजले. आणि मग भ्यायची पाळी दुसऱ्यांची आली. चाँद पाशानं आधी पोरं शिकवली, मग पानाला चुना लावला, कुणाला बोट लावलं न्हाई. पण लोक तवा माणूस बघत नव्हते, नाव बघत होते. एक दिवस संध्याकाळी दोघं माझ्या दारात उभे. अमीरबीच्या पायात वहाण नव्हती. म्या इचारलं न्हाई, चुन्याच्या भट्टीमागच्या खोपटात नेलं, पुढं गोवऱ्या रचल्या. अकरा दिवस झाले. आता हवा थंड झालीय, उद्या-परवा जातील.

आज चाँद पाशा म्हणला, बेटी, तुझं देणं कसं फेडू? म्या म्हणलं, एक पत्र लिवा. काय ते लिवा, आणि मधात थांबू नका.

संतू, हिंगणबेट म्या टाकलं.

चाँद पाशा माझ्याकडं बघून राहिले. म्हणतात, लिखूँ क्या ये? म्या म्हणलं, लिवा. याच्याचसाठी तर बसवलं तुमाला.

तू लग्नाला गेला होतास आणि मोठं जाळं नेलं होतंस, वाटेत कुरुंद्याच्या तळ्यावर टाकायचं म्हणून. इकडं पाटलाकडं दौऱ्यावरचा अंमलदार उतरला. पाटलाचा माणूस आला, सकाळी टोपलीभर मोठा मासा पाहिजे, न्हाईतर डोहाचा ठेका पुढल्या साली दुसऱ्याला. घरात फाटकं जाळं आणि मी. म्या हिंगणबेटं वेचली, चुलीमागच्या उखळात कुटली. डोहात टाकली न्हाई रे, देवाशपथ न्हाई! वरच्या कोंडीत टाकली, जिथं उन्हाळ्यात पाणी तुटून वेगळं होतं. मधे मातीचा बांध घातला. कोंडीत टाकायला कुणाची मनाई नव्हती, बा बी टाकायचा. तुझी टोपली घेतली, कारण माझी फुटली होती. मासा झिंगून वर आला, भरला, दिला पाटलाकडं.

इथवर काही पाप न्हाई. पुढं ऐक.

कोंडीवर फेस आला होता. हिंगणबेटाचा येतो ना, साबणासारखा. ढीगभर. उन्हात चमकून राहिला होता. आणि मला वाटलं, लोक बघतील आणि म्हणतील, भावाच्या माघारी ह्या रांडाव बाईनं कोंड मारली, सगळा मासा एकटीनं विकला. बारा घरांचा हिस्सा असतो कोंडीत. म्या हिस्सा कुणाला सांगितलाच नव्हता, घाई होती. मग म्या पायानं बांध फोडला. फेस वाहून जावा म्हणून. एवढ्या मोठ्या डोहात एवढंसं पाणी, मासा दोन घटका झिंगंल आणि उठंल, कुणाला कळायचं बी न्हाई. मासा उठला बी. म्या काठावर उभी राहून बघितलं आणि हसले. हसले रे मी!

चौथ्या दिवशी बाचे शिंपले मेले.

पंच बसले त्याच्या आदल्या रात्री तू आला होतास. उखळ बघितलंस, माझा चेहरा बघितलास. काही इचारलं न्हाईस. पंचांत टोपली पुढं आली तवा तू माझ्याकडं एकदाच बघितलंस, आणि म्हणलास, म्या. मला कळलं तू काय करून राहिलास. नवरा मेलेली, सासरनं हाकललेली, लेकरू न्हाई. मला हाकललं असतं तर मी कुठं गेले असते? गडीमाणसाला चार दिशा हायेत, असंच आलं असंल ना तुझ्या मनात? म्या उठून खरं बोलायचं होतं. उठले, आणि तुला मारली. जोरात मारली, म्हणजे कुणाला शंका यायला नको. त्या थपडेइतकं खोटं म्या जन्मात काही बोलले न्हाई.

आणि वर तुलाच पत्रातून शिव्या दिल्या. काय करू, काका लिवून राहिले होते, ते पंच. त्यांच्या हातानं कसं सांगू? पण हे बी खोटंच हाय. कळमनुरीत चाँद पाशा दहा वर्सं दुकानात बसून होते, दर मंगळवारी मी त्यांच्यापुढं चुना मापत होते. सांगायचं असतं तर कवाच सांगितलं असतं. भ्याले. मला डोह सोडवला न्हाई. ते खरं कारण.

माय म्हणली तू बोललीस की येतो. ती मेली दाराकडं बघत. त्याचं मी काय करू, सांग?

आता जाळ्याचं. दहा वर्सं म्या तुझं जाळं जगवलं. दर उन्हाळ्यात अमावास्येला काढायचं, फाटलेली घरं विणायची, बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळायचं, पहाटेपर्यंत पुन्हा टांगायचं. मूळचं सूत त्यात हातभर बी राहिलं नसंल, सगळं माझंच विणलेलं. जाळं टिकंल तोवर तुझं नाव टिकंल, म्हणजे माझं पाप अजून पुरं झालं न्हाई, अशी समजूत काढत होते स्वतःची. पण ह्या दोन वर्सांत झाडीत लपण्यात हात पोचला न्हाई. श्रावणाच्या पुरात खालचा निम्मा भाग गेला. उरलेलं सूत बोट लावलं तर तुटतं. पौषात पंच बसतात, तवा ते भुईला लागलेलं असंल, आणि तुझं नाव पुसतील.

अमीरबीनं खोपटाच्या फटीतून मला त्या झाडाखाली उभं बघितलं. म्हणली, कशाला जपते ते चिंधूक? तिला सांगितलं, पहिल्यांदा तिला. ती रडली न्हाई, ओरडली न्हाई. म्हणली, धुरपता, जाळं नको जपू, आदमी को बुला.

म्हणून पौषाच्या पंचायतीत मी बोलणार हाय. हे पत्र आधी धाडते, म्हणजे मला माघार घेता येणार न्हाई. मी बोलले न्हाई तर हा कागद काकांना धाड.

माफी मागत न्हाई. मागायला तोंड न्हाई.

धुरपा


मु. उंबरडोह
पौष, सन १९४९

संतू,

पुन्हा सोनाजीकाकांचं अक्षर. त्यांनी आज 'चिरंजीव' लिवू का असं इचारलंच न्हाई. मी जे बोलीन ते लिवीन म्हणतात, माझं बी लिवीन.

पंच परवा बसले. उंबराखाली, नेहमीच्या जागी. उमरखेडाकडं गेलेले सगळे परतलेत, बारा घरं भरलीत. म्या उखळ डोक्यावर घेऊन गेले. माय गेली तवा ते टाकलं नव्हतं म्या, हिंमत झाली न्हाई. पंचांपुढं आदळलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं, कोंड, फेस, बांध, टोपली, थप्पड, सगळं. वाटलं होतं गलका होईल. नीलाबाई माझ्या झिंज्या धरील असं वाटलं होतं, तिचं पोरगं त्या आषाढात पाल्यावर राहून आजारलं होतं.

तसं झालं न्हाई.

मग काका म्हणले, "धुरपते, बस खाली."

म्या म्हणलं, "बसत न्हाई. काय दंड तो सांगा."

काका म्हणले, "आमाला ठावं होतं."

म्या म्हणलं, "काय ठावं होतं?"

"सगळं न्हाई. बांधाचं ठावं नव्हतं. पण उखळ तुमच्या चुलीमागं पंच बसले त्याच दिवशी बघितलं होतं, फेस वाळला होता त्याच्यात. आणि पोरगं तर त्याच्या आदल्या रात्री गावात आलं. आणि मग हे जाळं. सुताचं जाळं उनापावसात दोन वर्सं टिकत न्हाई बाई. हे दहा वर्सं टिकलं. आमी भोई हाओत, आमाला जाळं कळत न्हाई व्हय?"

संतू, माझ्या अंगाची आग झाली. म्या पंचांना काय काय बोलले ते काका लिवायला तयार हायेत, पण मीच नको म्हणते. ठावं होतं तर माझ्या भावाला काहून हाकललं? ठावं होतं तर माझी माय दाराकडं बघत मेली तवा तुमी खांदा द्यायला कसे आलात? काकांची मान खाली. म्हणले, "त्यानं कबूल केलं, तू मारलीस. आमी म्हणलं बहीणभावाचं हाय, एक दिवस तू बोलशील. दर पौषात तुझ्याकडं बघत होतो. बघता बघता वर्सं गेली. तुझी पत्रं लिवताना मला ठावं होतं मी काय लिवून राहिलो ते."

हे लिवताना आता त्यांचा हात थांबलाय. लिवा काका. तुमी बी लिवा.

(मी सोनाजी. धुरपता बोलली ते बराबर आहे. संतराम, पंचांची चूक आहे, माझी अधिक आहे. तू निघून ये. म्हातारा आहे, बघून जाईन. — सोनाजी.)

बरं. आता निकाल ऐक.

तुझं नाव डोहावर कायम. तुझं जाळं उतरवलं, म्हणजे जे होतं ते. बोटभर चिंध्या आणि वरची गाठ. ती गाठ बाच्या हातची हाय, ती म्या ठेवून घेतली. शिंपल्याची जागा तुझी. सध्या तीन खाटा मावतील एवढ्या जागेत उभे हायेत, बाच्या येळच्या निम्मे. माघात पाणी निवळतं तवा विरळ करून खालच्या अंगाला लावावे लागतील. मला पाण्यात उतरता येणार न्हाई, म्हणून तूच उतर. तोंड धारेकडं, अंगठाभर अंतर. कालवं फोडून फोडून हात जड झाला असंल, हळू धर.

मला गावाबाहेर घातलं न्हाई. पंच म्हणले, म्हातारपण जवळ आलं, घरात राहू दे. म्या म्हणलं, रीत ती रीत, त्याला एक आणि मला एक असं चालणार न्हाई. मग मीच निघाले. कळमनुरीत अमीरबीच्या दुकानामागं एक खोली हाय, तिथं राहते. तिचं घर लुटलं होतं, दोघं परतलीत, छपराला पत्रा न्हाई अजून. मी चुना कालवून देते, सुपारी कातरते. मंगळवारी मासळीच्या बाजारात आपल्या जागेवर तू बस, मी लांबून बघीन. तुला बोलावंसं वाटलं तर बोल. न्हाई वाटलं तर मासा विक आणि जा, मी आडवी येणार न्हाई.

मनमाडाहून नांदेडची गाडी धर. नांदेडहून मोटार वारंग्याच्या फाट्यापर्यंत येते, तिथं हिरासिंग गाडी घेऊन उभा राहील, त्याला सांगून ठेवलंय. कालवाचं टरफल देवळीत ठेवलंय. घराची किल्ली काकांकडं.

आणि एक. उंबरावर आता माझं जाळं टांगलंय. नवं कोरं हाय, मागच्या उन्हाळ्यात झाडीत लपून बसले तवा विणलेलं, चांगलं मजबूत सूत. तू मला ओळखतोस, मी तुला ओळखते. तू येशील, ते जाळं बघशील, आणि अमावास्येला साल घेऊन झाडाखाली जाशील. जाऊ नकोस. काकांपुढं सांगते, अक्षरात सांगते. त्याला हात लावायचा न्हाई, टाका घालायचा न्हाई, रंग द्यायचा न्हाई.

त्याला कुजू दे, संतू.

धुरपा